चौदा वर्षांची सेडान आणि डुलकीकाकांची झोप

डुलकीकाकांना गाडीतलं ओ का ठो कळत नसे, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. कुणी बॉनेट उघडलं की ते मान वळवून दुसरीकडे बघत, जणू चुकून कुणाच्या न्हाणीघराचं दार उघडलं गेलं आहे. तरीही गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो माणूस आधी काकांच्या दारात येई आणि मग बँकेच्या. कारण काका गाडी तपासत नसत. ते तिच्यात झोपत.

पद्धत पक्की होती. काका मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसत, चपला काढत, काकूंनी शिवलेली तळहाताएवढी उशी मानेखाली सरकवत आणि "चला" म्हणत. पेट्रोल पंपावरून निघायचं, धान्याच्या गोदामांपुढच्या फुटक्या रस्त्यावरून जायचं, पाण्याच्या टाकीचा चढ चढायचा आणि बायपासने परत यायचं. टाकी येईपर्यंत काकांना झोप लागली, आणि ती बिनस्वप्नाची लागली, तर गाडी पास. घोरले तर पहिल्या वर्गात पास. स्वप्न पडलं तर गाडीत दोष आहे, आणि कोणता दोष ते स्वप्नात कोण आलं त्यावरून ठरे. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर काकांच्या शाळेतले कवायतीचे मास्तर येऊन त्यांना मैदानाभोवती पळवत. क्लच संपत आला असेल तर काका कुणाचं तरी लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवत असत आणि खालून धरणारा माणूस नेमका मधल्या वळणावर शिंकायला थांबे. गिअरबॉक्सचा दोष म्हणजे दोन मेहुण्यांचं भांडण. हे सगळं काका जांभया देत सांगत, आणि गाडी घेणारा माणूस डॉक्टरसमोर बसावं तसा ऐकून घेई.

एकच स्वप्न काका उलगडून सांगत नसत. ते पडलं की डोळे चोळत नुसतं म्हणत, "पाण्याचं बघा." कोण आलं होतं, असं कुणी विचारलं तर म्हणत, होतं कुणीतरी ओळखीचं. आणि का कोण जाणे, आधी काकू आसपास आहेत का ते बघून घेत.

ही विद्या काका कुठे शिकले नव्हते. ती त्यांना नोकरीत लागली, जशी कुणाला कंबरदुखी लागते. एकतीस वर्षं ते बसचे ड्रायव्हर होते. लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर निम्म्या वाटेत बदलतो, त्यामुळे तिथपर्यंत काका दुसऱ्याच्या बसमध्ये मागच्या बाकावर झोपून जात. एकदा ते दचकून उठले आणि चालवणाऱ्याला म्हणाले, गाडी थांबव, कवायतीचे मास्तर आलेत. चालवणारा चार थांबे हसत होता. पाचव्या थांब्याआधी पुढचं चाक जाम झालं आणि बस शेतात जाऊन उभी राहिली. तेव्हापासून आगारातल्या वर्कशॉपचे साहेब दुरुस्त झालेली प्रत्येक बस काकांना झोपवून मगच रस्त्यावर सोडू लागले. एक नवा अधिकारी आला, त्याने काकांना दिवसाढवळ्या घोरताना पकडलं आणि कागदावर लिहिलं, "कर्तव्यावर असताना झोप." वर्कशॉपच्या साहेबांनी त्याखाली लिहिलं, "झोप हेच कर्तव्य." तो कागद काकांनी चौकट करून बैठकीच्या खोलीत लावला होता. पाहुणे तो वाचून गप्प बसत.

आता या माणसाच्या स्वतःच्या मुलीला गाडी घ्यायची होती.

लेक फिजिओथेरपिस्ट होती. आजवर स्कूटरवर बसून घरोघर जाई आणि लोकांचे अडकलेले गुडघे नि खांदे सोडवी. आता तिला मनासारखी नोकरी मिळाली होती: आसपासच्या सहा खेड्यांतल्या दवाखान्यांत आळीपाळीने जायचं, घडीचं टेबल आणि पट्ट्यांची पेटी बरोबर न्यायची. अट एकच, चारचाकी स्वतःची हवी, आणि सोमवारी सकाळी पहिल्या दवाखान्यात हजर व्हायचं. रस्ता चाळीस किलोमीटरचा, त्यातला निम्मा असा की गाडी बंद पडली तर विचारायला झाडसुद्धा नाही. नवी गाडी परवडणारी नव्हती. खूप शोधून तिला एक मिळाली होती: मध्यम बांध्याची, लांब डिकीची, राखी रंगाची चौदा वर्षांची सेडान. विकणारे होते भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक रविवारी दुपारी येणार होतं. तेव्हा हो की नाही ते रविवारी बारापर्यंत सांगा, असं त्यांनी नम्रपणे बजावलं होतं.

शनिवारी सकाळी सगळे पेट्रोल पंपावर जमले. काका, काकू, लेक, मास्तर, आणि पंपाशेजारच्या गॅरेजचा मिस्त्री, ज्याच्या खिशात कायम एक लोहचुंबक असे.

मिस्त्रीने आपलं काम चोख केलं. बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरंच गार आहे ना ते आधी पाहिलं, कारण गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवणारे बहाद्दर त्याने बरेच पाहिले होते. मग चारही दारांवर चुंबक फिरवलं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. ते सगळीकडे चिकटलं. तेलाच्या झाकणाच्या आत बोट फिरवून बघितलं, पायपुसणी उचलून खाली ओल नाही ना ते चाचपलं, गाडी चालू करून मागच्या नळीतून येणारा धूर हुंगला. ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते पाहून मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघितलं. मास्तर प्रत्येक वेळी वहीचं पान उघडून तारीख सांगत. गाडीचं तेल कधी बदललं, टायर कधी, वायपर कधी, सगळं त्या वहीत होतं. एका पानावर नुसतं लिहिलेलं होतं, "आज गाडी उदास वाटली." त्याच्या दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलल्याची नोंद होती.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, मला काही सापडलं नाही. पण चौदा वर्षांच्या गाडीचं पोटातलं दुखणं एका सकाळीत मला कळणार नाही. ते काका सांगतील.

काका आत बसले. चपला काढल्या, उशी घेतली. लेक गाडी चालवायला बसली, तिच्या शेजारी मास्तर. "चला."

गोदामं गेली. काका जागे. टाकीचा चढ आला, गाडी तो खोकला न काढता चढली. काका टक्क जागे. बायपासवर त्यांनी कूस बदलली, एक पाय मास्तरांच्या सीटखाली घातला, डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. पेट्रोल पंप परत आला तेव्हा ते उठून बसले आणि सगळ्यांकडे न बघता चपला शोधू लागले.

"झोप नाही लागली," ते म्हणाले.

असं कधी झालं नव्हतं. काकांना झोप लागली नाही असं एकच वाहन गावाच्या माहितीत होतं, ते म्हणजे दळण नेणारा ट्रॅक्टर, आणि तो नंतर विहिरीत गेला होता. पण त्या ट्रॅक्टरवरही काकांना पंधरा मिनिटांत तीन स्वप्नं पडली होती. इथे झोप नाही आणि स्वप्नही नाही. गाडी पास नाही, नापासही नाही. मास्तरांचा चेहरा पडला. तेहतीस वर्षं मुलांना नापास केलेल्या माणसावर ही पाळी पहिल्यांदाच आली होती.

लेक म्हणाली, जाऊ दे बाबा, मिस्त्रीदादा म्हणतात ना ठीक आहे. पण तिच्या आवाजावरून कळत होतं की जाऊ देणं तिला जमणार नाही. लहानपणापासून ती गाड्यांच्या बाबतीत एकाच गोष्टीवर विश्वास ठेवत आली होती, आणि ती गोष्ट समोर उभी राहून डोक्याखालची उशी झटकत होती.

मग काकू म्हणाल्या, जेवून या. जेवल्यावर तर हे उभ्यानेही झोपतात.

दुपारी दुसरी फेरी झाली. काका पोट फुटेस्तोवर जेवले होते. खिडक्यांना काकूंनी टॉवेल लावले. मिस्त्री काकांच्या शेजारी मागे बसला, कारण गॅरेज बंदच होतं आणि त्याला आता चैन पडत नव्हतं. गोदामांपर्यंत काही झालं नाही हे बघून मास्तरांनी घसा खाकरला आणि सुचवलं की त्यांच्या तासाला वर्गच्या वर्ग झोपत असे, मुख्याध्यापकांनी त्याबद्दल दोनदा समज दिली होती. तर प्रयत्न करून बघू का? कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी वाऱ्यांचा धडा सुरू केला. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. रात्री याच्या उलट. पाचव्या मिनिटाला मिस्त्रीची मान काकांच्या खांद्यावर पडली. गाडी चालवणाऱ्या लेकीने खिडकीचा टॉवेल काढून वारा घेतला. काका मात्र बायपासपर्यंत जागेच होते, आणि वाऱ्यांविषयी त्यांना जन्मात जे कळलं नव्हतं ते सगळं कळलं होतं.

मिस्त्री झोपला, मग गाडी पास का म्हणू नये, असा मुद्दा मास्तरांनी मांडला. पण मिस्त्री कशातही झोपतो. तो एकदा जॅकवर चढवलेल्या गाडीच्या खाली झोपला होता. त्याच्या झोपेला कोण विचारतो.

संध्याकाळी काका बैठकीच्या खोलीत, चौकटीतल्या कागदाकडे पाठ करून बसले. झोप गेली, त्यांनी काकूंना सांगितलं. वय झालं. गायकाचा गळा जातो तशी. काकू पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी घेतली आणि मग म्हणाल्या, उद्या सकाळी शिंप्याची गाडी मागून आणा.

शिंप्याची गाडी काकांनी गेल्या वर्षीच पास केलेली होती. रविवारी सकाळी शिंप्याने ती स्वतः पंपावर आणली. काका चपला काढून बसले, उशी लावली, आणि "चला" म्हणताना त्यांचा "ला" घोरण्यात गेला. गाडी पंपाच्या फाटकातून बाहेरसुद्धा पडली नव्हती.

काकूंनी त्यांना हलवून जागं केलं. कोणाचं स्वप्न? कोणाचंच नाही. झोप गेलेली नव्हती.

म्हणजे दोष सेडानमध्ये आहे, मिस्त्री म्हणाला. दोष असता तर स्वप्न पडलं असतं, मास्तर म्हणाले, आणि वही छातीशी धरली. लेक तिथेच पंपाच्या कठड्यावर बसली होती. पहाटे पाचला ती एका म्हाताऱ्या रुग्णाला चालवून आली होती, कारण सोमवारनंतर त्याला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं होतं. डोळे लाल, हातात पाण्याची बाटली. घड्याळात साडेनऊ झाले होते. ती म्हणाली, नको मग. मी दवाखान्याला कळवते की गाडीची सोय झाली नाही.

तेव्हा काकू बोलल्या. मोठ्याने नाही, हळूच, काकांनाच.

"अहो, हिच्या बाबतीत तुम्हाला कधी झोप लागलीये?"

काकांचा चपलेत जाणारा पाय तिथेच थांबला.

काकूंनी एकेक काढायला सुरुवात केली. पाळण्यात होती तेव्हा तिला साधी शिंक आली की तुम्ही ड्युटीवरून येऊन पहारा दिल्यासारखे तिच्याभोवती फिरायचात. सायकल शिकली तेव्हा आठवडाभर दारात उभे होतात. ती गावाबाहेर परीक्षेला गेली, तर तुम्ही तीन दिवस टेबलावर कोपर टेकून बसलात, आणि वर सगळ्यांना सांगत होतात की डास आहेत. या गाडीत ती चालवत होती. या गाडीने ती उद्या जाणार. तुम्हाला झोप लागेल कशी? सोन्याची गाडी आणली तरी तुम्ही टक्क जागे राहाल.

मिस्त्रीने खिशातलं चुंबक काढलं, बघितलं, परत ठेवलं. मास्तर म्हणाले, म्हणजे परीक्षकच बाद.

हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं डास म्हटल्यावर माणसाला डासच खरे वाटू लागतात. मग त्यांनी कठड्यावरच्या लेकीकडे पाहिलं. ती बसल्या बसल्या पेंगत होती, बाटली कलली होती आणि पाणी तिच्या चपलेवर सांडत होतं.

काकांनी जाऊन बाटली काढून घेतली. म्हणाले, "ऊठ. मागे बस. डाव्या बाजूला."

"मी? बाबा, मला काय कळतं त्यातलं?"

"मला तरी कुठे कळतं."

त्यांनी आपल्या हाताने तिच्या मानेखाली उशी लावली. काकू पुढे बसल्या. मास्तर आणि मिस्त्री पंपावर राहिले, कारण काका म्हणाले, गर्दी नको. मग निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच काकांनी स्टिअरिंग हातात घेतलं. आरसा नीट केला. मागचा रस्ता त्यात दिसत नव्हता, लेकीचा चेहरा दिसत होता. बसचा ड्रायव्हर तो, गाडी पंपाबाहेर अशी काढली की जणू मागे बावन्न माणसं आहेत.

गोदामांपर्यंत लेकीचे डोळे मिटले. फुटक्या रस्त्यावर तिची मान डावी-उजवी झाली, पण डोळे उघडले नाहीत. टाकीचा चढ आला. काकांनी गिअर बदलला. लेक घोरत नव्हती, पण तोंड उघडं होतं, लहानपणी असायचं तसं. काकूंनी पदर तोंडाशी धरला.

टाकी आली की फेरी पुरी. तिथून बायपासला वळून परत यायचं. पण काका वळले नाहीत. झोपलेल्याला उठवायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम, आणि आता तो त्यांनी स्वतः पाळायचा होता. ते सरळ गेले. सोमवारी लेक ज्या रस्त्याने जाणार होती, नेमका तोच रस्ता तो होता. काकूंच्या लक्षात आलं. दहा किलोमीटर, वीस, तीस. मास्तरांची गाडी जणू आयुष्यभर याच दिवसाची वाट बघत असल्यासारखी चालली होती. पहिला दवाखाना आला, निळ्या दाराचा, बंद. काकांनी त्याला वळसा घातला आणि परत निघाले.

तिकडे पंपावर पावणेअकराला मास्तर म्हणाले, उशीर झाला. अकराला म्हणाले, अपघात. सव्वाअकराला त्यांनी मिस्त्रीला विचारलं की काकांचा पूर्वी काही गुन्ह्याबिन्ह्याचा इतिहास आहे का. मिस्त्री म्हणाला, झोपेत केलेलं काही माहीत नाही.

अकरा पस्तीसला गाडी पंपात शिरली. इंजिन थांबलं आणि थांबल्यामुळेच लेक जागी झाली. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते. काकांचा हात अजून चावीवर होता.

"कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं.

लेकीने डोळे चोळले. तिला वाटलं ते हसतील. "मोठी आत्या," ती म्हणाली. "दारात उभी होती. पाणी मागत होती. मी तांब्या दिला तर म्हणाली, थोडं अजून दे. फार नको, थोडंच. आणि हसत होती, रागावलेली नव्हती."

काकांनी डोळे मिटले. काकूंनी मान हळूहळू त्यांच्याकडे वळवली. मोठी आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. ती हयात असताना आठ वर्षं तिचं आणि काकूंचं बोलणं बंद होतं, आणि ती गेल्यावरही काकूंनी ते चालू केलेलं नव्हतं.

"म्हणजे 'पाण्याचं बघा' म्हणता तेव्हा त्या येत होत्या?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं? माझ्या शिवलेल्या उशीवर?"

मिस्त्रीने तोवर बॉनेट उघडलं होतं. हातात टॉर्च घेऊन तो रेडिएटरच्या खाली वाकला आणि जवळजवळ आत शिरला. मग त्याचा आवाज आला. खालच्या रबरी पाइपच्या जोडावरची क्लिप सैल झाली होती. गार इंजिनात काही दिसत नाही. लांब पल्ला झाला की थेंब थेंब पाणी जातं. आत्या म्हणाली होती तेवढंच, थोडंसं. पाइप आणि क्लिप बदलायची, अर्ध्या तासाचं काम. आणि बाकी? बाकी काकांनी ठरवायचं.

काकांनी लेकीला विचारलं, आणखी कुणी आलं होतं का? कवायतीचे मास्तर, मेहुणे, कपाट? कुणी नाही. नुसती आत्या.

"मग घे," काका म्हणाले.

मास्तरांनी वही काढली आणि पंपाच्या कठड्यावर ठेवून शेवटची नोंद केली. नंतर ती वही किल्लीबरोबर लेकीला देताना ते म्हणाले की गाडी उदास वाटली तर बॅटरी बघायची, आणि मान फिरवून चष्मा पुसायला लागले.

सोमवारी सकाळी सेडान गेली. काका दाराबाहेर उभे होते, मग ओट्यावर बसले, मग आत येऊन टेबलावर कोपर टेकले. काकूंनी विचारलं, डास आहेत का? काका म्हणाले, आहेत थोडे. दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. लेक म्हणाली, पोचले, दार खरंच निळं आहे, आणि पाण्याचा काटा जागच्या जागी आहे. मागून कुणीतरी गुडघ्याविषयी विचारत होतं, म्हणून तिने फोन ठेवला.

काका फोन हातात धरूनच खुर्चीत मागे टेकले. काकू स्वयंपाकघरातून उशी घेऊन येईपर्यंत ते घोरायला लागले होते. त्यांनी ती त्यांच्या मानेखाली सरकवली आणि समोर बसून राहिल्या.

दुपारी एकला काका जागे झाले.

"त्या आल्या होत्या का?" काकूंनी विचारलं.

काकांनी आठवून पाहिलं. "कोणीच नाही आलं."

काकू उठल्या, तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, पुन्हा आल्या तर सांगा, मी चहा टाकते.